पोत गहाण ठेवण्याआधी

अगं, काल रात्री फोनवर तू एवढंच विचारलंस, "ताई, ती ग्रोथ फॅक्टरची ट्यूब आणू का? महाग आहे म्हणे, पण पोत ठेवते गहाण. कापूस विकला की सोडवून आणू." मी म्हटलं, जरा थांब, सांगते. फोन ठेवला आणि माझी झोपच उडाली. शुगर असलेल्या जवाईबापूंच्या तळपायात बाभळीचा काटा मोडून तीन आठवडे झाले आणि तू मला काल सांगतेस! रागावत नाही मी. वेचणी ऐन भरात आहे, बाया मिळत नाहीत, त्यात घरचा माणूसच बसला तर कसं व्हायचं, हे मला कळत नाही का? आपणही वावरातल्याच लेकी. पण ही गोष्ट फोनवर अर्धीमुर्धी सांगण्यासारखी नाही, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. चहा घेऊन निवांत बस आणि दोनदा वाच. दुसऱ्यांदा वाचशील तेव्हा जवाईबापूंनाही ऐकव.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. ट्यूब वाईट नाही, खोटीही नाही. पण ती शेवटची पायरी आहे, आणि तू पहिल्याच पायरीवर तिच्यासाठी पोत काढायला निघालीस. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात मी चोवीस वर्षं ड्रेसिंगची ट्रॉली ढकलली. शुगरवाल्यांच्या पायांवरच्या किती पट्ट्या सोडल्या, त्याचा हिशेब नाही. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. जखम भरून आणणारं औषध बहुतेक करून माणसाच्या अंगातच तयार होतं. आपण त्याची वाट मोकळी करून द्यायची. वाट बुजलेली असली तर बाहेरून विकत आणलेलं औषधसुद्धा वाया जातं.

आता तुला एक सांगायचं आहे. बारा वर्षं मी ते पोटात ठेवलं.

बाबांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली, ती वावरात खिळा लागून गेली असं आम्ही तुला सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. तुझ्या लग्नात बाबांनी नवे काळे बूट घातले होते, आठवतात ना? सकाळच्या पाहुण्यांपासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत ते मांडवात उभे होते. बूट पुढून घट्ट होते. करंगळीपाशी फोड आला, फुटला, मोजा त्याला चिकटला, आणि बाबांना त्यातलं काहीही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मांडव उतरवत होते तेव्हा आईला ओसरीवर ओल्या पावलाचा तांबडा ठसा दिसला. तिला वाटलं, कुणाच्या तरी पायाला कुंकू लागलं असेल. फडकं घेऊन पुसायला गेली तर ते रक्त. पुढे दुसरा ठसा, तिसरा ठसा, थेट स्वयंपाकघरापर्यंत. आणि ठसे संपले तिथे बाबा पाटावर बसून शांतपणे भाकरी खात होते.

मी म्हटलं, तिला कळवू या. तर म्हणाले, "तिले काही सांगू नको. लेकीच्या लग्नाचे बूट हायेत, तिच्या जिवाले लागन." म्हणून नाही सांगितलं. आज सांगते आहे, कारण तुझ्या घरात तेच चाललं आहे. कुणाच्या तरी जिवाला लागेल म्हणून पाय लपवायचा, कापूस घरी येईपर्यंत लपवायचा, पोराची परीक्षा होईपर्यंत लपवायचा. तू मनाला लावून घेऊ नकोस. बूट निमित्त झाले. बोटं गेली ती आमच्या उशिरामुळे.

तो उशीर कसा झाला, तेही ऐक. पहिला आठवडा हळद आणि खोबरेल तेलात गेला. दुसऱ्या आठवड्यात जवळच्या एका दवाखान्यात पावडर टाकून पट्टी बांधून मिळाली आणि "भरेल हळूहळू" असं सांगितलं गेलं. मी इकडे वॉर्डात दुसऱ्यांच्या बापांचे पाय धूत होते, आणि माझ्या बापाची पट्टी एकदाही न सोडता "बरं आहे" या त्यांच्या शब्दावर विसंबून राहिले. ती टोचणी अजून गेलेली नाही. मग कुणीतरी ट्यूबचं सांगितलं. आईने कानातले टॉप्स मोडले, आम्ही दोन ट्यूबा आणल्या. रात्री ट्यूब लावायची, पट्टी बांधायची, आणि सकाळी बाबा त्याच पायाने वावरात. ट्यूबा संपल्या तरी जखमेचा तळ पिवळाच. एक दिवस बोट काळं पडलं. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा दोन बोटं काढावी लागली. त्यानंतर जखम नीट साफ होत राहिली, इन्सुलिन सुरू झालं, पाय जमिनीला टेकवायचा नाही अशी सक्त ताकीद मिळाली, आणि ती उघडी जखम अडीच महिन्यांत भरून आली. ट्यूबशिवाय भरली. जे शेवटी करायचं ते आम्ही आधी केलं, आणि जे आधी करायचं ते शेवटी.

तू म्हणालीस, जवाईबापू म्हणतात "दुखत नाही, मग एवढं काय?" बाई, मला सगळ्यात जास्त धसका त्या "दुखत नाही"चाच बसला. पायाला तीन आठवड्यांची जखम आहे, त्या पायावर माणूस दिवसभर वेचणी करतो आणि दुखत नाही, याचा अर्थ पायाच्या नसा मुक्या झाल्या आहेत. वर्षानुवर्षं शुगर चढी राहिली की सगळ्यात लांब नसा आधी मरतात, आणि त्या पायाच्याच असतात. दुखणं हा पायाचा राखणदार. तो गेला की काटा, खडा, गरम पाणी, घट्ट चप्पल, कुणीही आत शिरतं.

आपल्या भागाला हे नवं नाही. वणीहून वरोऱ्याला गेलं की बाबा आमटेंचं आनंदवन. त्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, तेव्हा लोकांची समजूत होती की महारोगाने बोटं झडतात. डॉ. पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद १९४६ साली तमिळनाडूतल्या वेल्लोरला आले. रोग्यांचे हातपाय वर्षानुवर्षं बारकाईने पाहून त्यांनी दाखवून दिलं की बोटं आपोआप झडत नाहीत. दुखणं कळत नाही म्हणून ती भाजतात, घासतात, कापतात, आणि पुन्हा त्याच जखमेवर चालून झिजतात. जखमेवरचा भार काढला तर तोच पाय भरून येतो. तीच शिकवण पुढे मधुमेहाच्या पायाला लागू पडली. महारोग्यांना देतात त्या मऊ रबराच्या एमसीआर चपला आज शुगरवाल्यांनाही घालायला सांगतात, त्या उगाच नाही.

आज रात्री एक कर. जवाईबापूंना खाटेवर पाय लांब करून, डोळे मिटून पडायला सांग. बोटाच्या टोकाने त्यांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशी दोन्ही पायांची मिळून सहा बोटं एकेक करून हलकीच शिव. दाबू नकोस, चोळू नकोस, फुलपाखरू बसावं तेवढंच, एक-दोन सेकंद. शिवलं की त्यांनी "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त बोटांना कळलं नाही, तर त्या पायाची राखण यापुढे डोळ्यांनी करायची. दवाखान्यात हीच तपासणी नायलॉनच्या बारीक दोऱ्याने करतात.

आता ग्रोथ फॅक्टर म्हणजे काय ते समजून घे, म्हणजे दुकानात कुणी काही सांगितलं तरी तुझा गोंधळ होणार नाही. पूर्वी गावात काही घडलं की कोतवाल दवंडी द्यायचा. अंगात जखम झाली की तशीच दवंडी फिरते. रक्तातल्या प्लेटलेट्स आधी धावून येतात, रक्त गोठवतात, आणि फुटता फुटता निरोप सोडतात. हे निरोप म्हणजेच ग्रोथ फॅक्टर, वाढीचे घटक. प्लेटलेट्समधून सुटतो त्याला पीडीजीएफ म्हणतात. तो सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशींना आणि धागे विणणाऱ्या पेशींना बोलावतो. सफाईवाल्या पेशी मेलेलं मांस आणि जंतू गिळतात, आणि काम झालं की पुढचा निरोप देतात, आता बांधकाम सुरू करा. व्हीईजीएफ नावाचा निरोप बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतो. पट्टी सोडल्यावर तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखं लालबुंद मांस दिसलं की समज, तो निरोप पोचला. मग ईजीएफ कडेच्या कातडीला आत सरकायला सांगतो, आणि जखमेच्या काठाला मोत्यासारखी फिकट गुलाबी किनार येते. वॉर्डात ती किनार दिसली की मी रोग्याच्या बायकोला बोलावून दाखवायचे. अर्धी लढाई जिंकल्याची ती खूण.

या ईजीएफची हकिकत मला फार आवडते. अमेरिकेतले स्टॅन्ली कोहेन हे शास्त्रज्ञ उंदरांच्या लाळेच्या ग्रंथींचा अर्क उंदरांच्या नवजात पिलांना टोचत होते. शोधत होते दुसरंच काही. पण त्या पिलांचे डोळे नेहमीपेक्षा कितीतरी लवकर उघडले. दुसऱ्या कुणी दुर्लक्ष केलं असतं, त्यांनी तोच धागा धरला आणि कातडी वाढवणारा हा घटक सापडला. नसा वाढवणाऱ्या घटकाचा शोध लावणाऱ्या रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत त्यांना १९८६ साली नोबेल मिळालं. आपली आजी फोडाला सकाळची शिळी थुंकी लावायची, आठवतं? लाळेत हा घटक असतो, हे खरंच आहे. पण तोंडात जंतूही अगणित असतात. म्हणून शुगरच्या जखमेला थुंकी लावू नका आणि कुत्र्याला चाटूही देऊ नका.

मग शुगरवाल्यांचं बिघडतं कुठे? शुगर चढी असली की सफाईवाल्या पेशी सुस्तावतात. जंतू मरत नाहीत, म्हणून सफाईच संपत नाही, आणि बांधकामाचा निरोप निघत नाही. जखम महिनोन्महिने पहिल्याच टप्प्यावर अडकते. त्यात अशा जुन्या जखमेत काही पाचक रसांचा सुळसुळाट होतो, आणि ते ग्रोथ फॅक्टरचेच तुकडे करतात. दवंडी पिटली जाते पण घरापर्यंत पोचत नाही. वर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात, म्हणजे प्राणवायू कमी. आता तूच सांग, अशा चिकट पिवळ्या थरावर ट्यूबमधले ग्रोथ फॅक्टर लावले तर त्यांची काय गत होईल? अंगातल्या ग्रोथ फॅक्टरची झाली तीच.

यावर नीट अभ्यास झालेला आहे. पीडीजीएफचं जेल अमेरिकेत १९९७ साली मंजूर झालं. त्याच्या मुख्य चाचणीत, वीस आठवड्यांत, जेल लावलेल्यांपैकी शंभरात ५० जणांच्या जखमा पूर्ण भरल्या. नुसतं साधं जेल लावलेल्यांच्या ३५. हे दोन्ही आकडे लक्षात ठेव. ट्यूबने शंभरात पंधरा जणांचं जास्तीचं भलं केलं, ते खरंच. पण औषध नसलेल्या जेलवरही पस्तीस जण बरे झाले, कारण त्यांची देखभाल चोख होती. आणि १९९६ साली छापल्या गेलेल्या आणखी एका अभ्यासात दिसलं की ज्या दवाखान्यांत जखम वरचेवर खरवडून साफ करत होते, तिथे जास्त जखमा भरल्या. जिथे साफसफाईत हयगय झाली, तिथे ट्यूब लावूनही मागे पडल्या. मधुमेही पायाची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१९ साली हेच लिहिलं की चांगल्या नेहमीच्या उपचारांना डावलून ग्रोथ फॅक्टर वापरू नयेत.

तुला शेतीच्या भाषेत सांगते. वखरणी न करता, तण न काढता महागातलं बियाणं फेकलं तर उगवेल का? आणि कोंभ वर आल्यावर त्यावरूनच बैलबंडी हाकली तर? जखम साफ करणं म्हणजे वखरणी. पायाचा रक्तपुरवठा म्हणजे पाणी. आणि जखमेच्या पायावर चालणं म्हणजे कोंभावरून बंडी नेणं. बाबांच्या वेळी आम्ही ती रोज नेली.

म्हणून आता क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी काटा. बाभळीचा काटा मोडून टोक आत राहिलं असेल तर जगातली कुठलीच ट्यूब ती जखम भरू शकणार नाही. काटा लागला तेव्हाची त्यांची स्लिपर सोबत घेऊन जा, तळव्यात काट्याचा तुकडा अडकलेला असतो, त्यावरून किती मोडला याचा अंदाज येतो. लाकडाचा काटा एक्स-रेत बहुधा दिसत नाही, सोनोग्राफीत सापडू शकतो. "काटा आत असेल का, सोनोग्राफी करायची का?" असं तूच तोंडाने विचार. एक्स-रे मात्र तरीही लागतोच, हाडापर्यंत जंतू गेलेत का ते बघायला. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं होतं का, ते आठवून सांग.

दुसरं रक्त. डॉक्टर पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे बोटांनी नाडी बघतात. लागत नसेल तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात. रक्तच पोचत नसेल तर आधी त्याचा इलाज. इथेच जवाईबापूंच्या खर्ऱ्याचं बोलायचं आहे. खर्ऱ्यातला तंबाखू रक्तवाहिन्या आकसून टाकतो. दिवसाला चार पुड्या खाल्ल्या की त्या पायाचं पाणी चार वेळा बंद होतं, असं समज. मी सांगितलं म्हणून सांग, माझ्यावर रागावले तरी चालेल. पाय राहिला तर राग काढायला पुढे वेळ आहे.

तिसरं साफसफाई. मेलेलं मांस आणि काठाची टणक झालेली कातडी कापून काढावी लागते. ते घरी ब्लेडने करायचं काम नाही. दवाखान्यात दर आठवड्याला, दर पंधरवड्याला, ते म्हणतील तेव्हा जायचं. साफ केल्यावर थोडं रक्त येतं, जखम आधीपेक्षा मोठी दिसते, आणि घरचे घाबरतात. तू घाबरू नकोस. ताज्या रक्तासोबत ताज्या प्लेटलेट्स येतात आणि दवंडी नव्याने सुरू होते. घरी पट्टी बदलायची असेल तर हात साबणाने धुऊन, सलाईनने जखम धुऊन, डॉक्टरांनी दिलेलीच पट्टी. हळद, चुना, टूथपेस्ट, विडीची राख, स्पिरिट यातलं काहीही नको.

चौथं आणि सगळ्यात अवघड, पायावरचा भार. डॉक्टर प्लास्टर घालतील, खास बूट देतील किंवा कुबड्या देतील, जे देतील ते चोवीस तास. रात्री लघवीला उठले तर ती चार पावलंही मोजायची. दिवसभर पाळलं आणि रात्री विसरले तर सगळं मुसळ केरात. घरात बसून त्यांचा जीव गुदमरेल हे मला ठाऊक आहे. मग वावरात नेऊ नका, पण संध्याकाळी कापूस मोजायला काट्याजवळ खुर्ची टाकून बसव. कुणाचे किती किलो झाले ते वहीत लिहू देत. माणसाला काम हवं असतं, ते पायाचंच असायला पाहिजे असं कुठे आहे?

पाचवं शुगर. इन्सुलिन सांगितलं तर घासाघीस करू नका. सुई एकदा लागली की सुटत नाही, असं पारावर बोलतात. जंतुसंसर्गात शुगर भडकते, तेव्हा गोळ्या अपुऱ्या पडतात. जखम भरल्यावर पुष्कळ जणांना पुन्हा गोळ्यांवर येता येतं, ते डॉक्टर ठरवतील. आणि शुगर आहे म्हणून त्यांना उपाशी ठेवू नकोस. नवं मांस बांधायला प्रथिनं लागतात. भाकरीसोबत तुरीचं घट्ट वरण, उसळ, अंडी, दूध, दही हे असू दे. साखरेचा चहा मात्र आजपासून बंद, आणि त्यांना सोबत म्हणून तुझाही.

हे पाचही झालं, चार आठवडे नीट पाळलं, आणि तरी जखम अडून बसली, तर ट्यूबचा विचार. ईजीएफचं जेल आता बाहेरून आणावं लागत नाही, हैदराबादच्या भारत बायोटेकने ते बनवलं आहे. पीडीजीएफचंही मिळतं. काही मोठ्या दवाखान्यांत रोग्याचंच रक्त यंत्रात फिरवून प्लेटलेट्स वेगळ्या काढतात आणि जखमेवर लावतात, त्याला पीआरपी म्हणतात. दुकानदाराच्या सांगण्यावरून यातलं काही घेऊ नकोस, जखम पाहिलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घे. जखम जंतूंनी भरलेली किंवा काळी असेल, कॅन्सरची शंका असेल, तर लावायचं नाही. आणि हे जेल फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, दिवसभर लाइट गेल्यावर, फडताळातली ट्यूब म्हणजे नुसता चिकट लेप.

आता उद्याचं. पहिल्या गाडीने यवतमाळला ये. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात आपण दोघी मिळून त्यांना घेऊन जाऊ, मी फाटकाशी उभी असेन. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची पाकिटं, आधार आणि रेशन कार्ड पिशवीत घाल. काही मोठं करावं लागलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला विचारू. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीए१सी तपासणी करून घेऊ. आणि आज रात्रीतच थंडी-ताप आला, पाय लाल, गरम, सुजलेला दिसला, वास सुटला, बोट निळं-काळं वाटलं, तर उद्याची वाट बघू नकोस. कुणाचीही गाडी काढायला लाव आणि निघ. अशा वेळी रात्री गाडी मागण्यात लाज नाही.

दसऱ्याच्या आधी ते नऊ दिवस अनवाणी राहतात, तेही आता थांबव. यवतमाळची नवरात्र म्हणजे आपला जीव की प्राण, मला माहीत आहे. देवीपुढे दोघं मिळून हात जोडा आणि सांगा की पाय राखायचं व्रत घेतलं आहे. चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकायची, आत हात फिरवून बघायचा. पाय धुवायचं पाणी आधी तुझ्या कोपराने बघायचं, त्यांच्या पायाला गरम कळणार नाही. रोज रात्री तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचा बघायच्या. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि हो, तूही पस्तिशीची झालीस. आपल्या बापाला शुगर होती. आयसीएमआरच्या २०२३ साली आलेल्या पाहणीत देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचं दिसलं. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, आशाताईला विचार. उद्या त्यांच्या रांगेत उभी असशील तेव्हा तुझंही बोट पुढे कर.

शेवटचं एक काम, ते आज रात्रीच कर. एक कोरी, पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घे, दोन्ही पदर तसेच राहू दे. पट्टी सोडल्यावर ती जखमेवर हलकेच ठेव आणि वरच्या पदरावर पेनने जखमेच्या कडेकडेने रेघ ओढ. खालचा पदर कापून फेकून दे, वरच्यावर तारीख घाल आणि वहीत जपून ठेव. दर आठवड्याला असंच करायचं. चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली तर आपली वाट बरोबर आहे, ती बहुतेक भरून येईल. नाही आली तर कुठे चुकतंय ते डॉक्टरांना त्या रेघांवरूनच दाखवता येईल. बाबांच्या वेळी आमच्याकडे अशी एकही रेघ नव्हती, नुसतं "बरं आहे" होतं.

महिन्याभराने ते सगळे पदर एकमेकांवर ठेवून आपण दोघी बघू. तेव्हा ट्यूब लागलीच तर पैसे मी देईन. पोत तुझ्या गळ्यातच राहू दे.